दगड बघत, पाणी शोधत: मैत्रिणींचे सह्याद्रीतले चार दिवस

आजचं बोलणं चालण्याबद्दल आहे. वावरात जाण्यासाठी, पाण्यासाठी किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आपण चालतोच. पण चार दिवसांचं सामान पाठीवर घेऊन, मैत्रिणींच्या सोबतीनं, जंगलातून आणि कातळातून चालायचं, असं आपल्या मालेगावात फारसं कुणी करत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही सात जणी ते करून आलो. आमच्यातली सर्वांत लहान चौतीसची, सर्वांत मोठी अठ्ठावन्नची. कुणी अंगणवाडीत, कुणी शाळेत, दोघी बचत गटाच्या, एक शिवणकाम करणारी, दोघींची शेती. सोयाबीन केव्हाच घरात आलं होतं, तुरीची सोंगणी अजून यायची होती, त्या मधल्या दिवसांत निघालो.

परत आल्यापासून सगळ्या विचारतात, "कसं केलं गं?" म्हणून गटानं ठरवलं, एकदा रेडिओवर नीट सांगून टाकू.

आमची वाट होती रतनगड ते हरिश्चंद्रगड. दोन्ही किल्ले अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. इथे एक खुलासा करावा लागतो, कारण घरोघरी हाच घोळ झाला. अकोले म्हणजे आपलं अकोला नाही. बीजमाता राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांचं कोंभाळणे गाव ज्या तालुक्यात आहे तो हा अकोले. एकीच्या सासूबाई तर निघेपर्यंत म्हणत होत्या, "अकोल्याला जायला चार दिवस कशाला लागतात?"

मालेगावहून अकोल्यापर्यंत एसटी, तिथून रात्रीची रेल्वे इगतपुरीला, मग घोटीवरून जीपनं भंडारदऱ्याला आणि पुढे रतनवाडीला. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आमचा प्रवासाचा खर्च त्यामुळे बराच आटोक्यात राहिला. परतीला तर खिरेश्वर, आळेफाटा, अहिल्यानगर, संभाजीनगर, जालना, मेहकर करत जवळजवळ सगळा रस्ता एसटीनंच आलो.

आता मुख्य गोष्ट. डोंगरात चार दिवस चालायचं तर सगळ्यात आधी काय कळायला हवं? बूट कोणते, पिशवी कोणती, हे पुढचं. आधी दगड कळायला हवा. वाट कुठून जाणार, पाणी कुठे मिळणार, मुक्काम कुठे होणार आणि पाय कुठे घसरणार, ही चारही उत्तरं तिथला दगड देतो. आणि हा दगड आपल्याला परका नाही. आपल्या मालेगावच्या विहिरीत जो काळा फत्तर लागतो, तोच सह्याद्रीच्या कड्यात आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला आणि पसरला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर निवला की त्यावर दुसरा. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे तुकडे धरून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड आहे. पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण म्हणतो.

प्रत्येक थराची रचना ठरलेली असते. लाव्हा निवताना त्यातली वाफ आणि वायू वर येतात, त्यामुळे थराचा वरचा भाग बुडबुड्यांचा, भोकाभोकांचा होतो. खालचा आणि मधला भाग घट्ट, ठोस. विहीर खणणारे त्या भोकाळ, ठिसूळ खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातल्या भोकांत नंतर पांढरे, चमकणारे खडे तयार होतात, लहानपणी आपण गोळा करायचो तसले. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टा असतो, हातावर घासला तर गेरूसारखा रंग येतो.

ही उतरंड डोळ्यांसमोर ठेवा. घट्ट खडक, त्यावर भोकाळ खडक, मध्येच लाल पट्टा, पुन्हा घट्ट खडक. पाऊस आणि ऊन लागून ठिसूळ भाग झिजतो आणि त्याचा उतार होतो. उतारावर माती साचते, मातीत झाडं येतात. घट्ट भाग झिजत नाही, तो उभा कडा म्हणून राहतो. म्हणून सह्याद्रीचा डोंगर दुरून जिन्यासारखा दिसतो: कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा. त्या मधल्या झाडीच्या पट्ट्याला तिकडे पदर म्हणतात. आम्हाला हा शब्द फार आवडला. डोंगराला माथा, खांदा, सोंड असते हे ऐकलं होतं, त्याला पदरही असतो हे तिथे कळलं. वाट बहुतेक वेळ या पदरातून आडवी जाते आणि जिथे ओढ्यानं किंवा भेगेनं कडा फोडला असेल तिथूनच वर चढते. अशा फटीला नाळ म्हणतात, दोन डोंगरांमधल्या बसक्या जागेला खिंड. एवढं समजलं की समोरचा डोंगर बघून वाट साधारण कुठून जाणार हे आपलं आपल्याला ओळखता येतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पैजा लावायला लागलो. शिवणकाम करणारी मैत्रीण सगळ्यात जास्त जिंकली, तिची नजरच तशी.

पाण्याचंही तसंच. पावसाचं पाणी भेगांतून आणि भोकाळ खडकातून खाली झिरपतं. लाल पट्टा किंवा घट्ट खडक आला की त्याला खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. तोच झरा. म्हणून एका डोंगरावर एक झरा सापडला की त्याच उंचीवर, त्याच थराला धरून आणखी ओल दिसण्याची शक्यता असते. किल्ल्यांवर जी पाण्याची टाकी दिसतात ती कातळात खोदलेली. खोदणाऱ्यांना दगडाची जात नक्कीच कळत होती. टाक्याचा तळ घट्ट हवा, नाहीतर पाणी राहणार नाही. गुहेचं छत भक्कम हवं आणि खोदायचा भाग त्या मानानं मऊ. पुस्तकं नसताना हे ज्ञान हातात होतं, आणि ते हात कुणाचे होते याची नोंद मात्र नाही.

पहिल्या दिवशी आम्ही रतनवाडीत सामान ठेवून हलक्या पाठीनं रतनगड केला. गावात अमृतेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं मानतात. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते. खाली भंडारदऱ्याला ती अडवली आहे, ते धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. गडाची वाट आधी ओढ्याच्या काठानं, दाट झाडीतून. आपल्याकडचं जंगल म्हणजे साग, पळस, मोह, धावडा, टेंभुर्णी. डिसेंबरात ते पानं टाकायच्या तयारीत असतं आणि पायाखाली चुरचुर वाजतं. तिकडे जांभूळ, हिरडा, अंजन. सावली इतकी की दहा वाजेपर्यंत थंडी वाजत होती. उतारावर कारवीची झुडपं, पुरुषभर उंच. ती सात वर्षांनी एकदा फुलते. हिरडा गोळा करून विकणं हा तिथल्या महादेव कोळी घरांचा उत्पन्नाचा एक आधार आहे, आपल्याकडे मोहफूल आणि तेंदूपत्ता असतो तसा.

झाडी संपते तिथे कडा लागतो. त्यावर लोखंडी शिड्या लावल्या आहेत. शिडीवर एका वेळी एकीनंच चढायचं, पाठीवरची पिशवी घट्ट बांधायची, मोकळ्या ओढण्या आणि पदर खोचून घ्यायचे. आमच्यातल्या चौघी सलवार-कमीजमध्ये होत्या, दोघींनी पँट घातली होती आणि एकीनं नऊवारीसारखं पातळ कासोट्यानं नेसलं होतं. सगळ्यांत सहज ती चढली. वर गेलं की कातळाला आरपार पडलेलं मोठं भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं. त्यात बसलं की वारा असा येतो की बोललेलं ऐकू येत नाही. तिथून कळसूबाई दिसते, 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर.

दुसरा दिवस मोठा होता. रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला. सात-आठ तास चाललो. इथे वाटाड्या हवाच. आम्ही रतनवाडीतलाच एक माहितगार घेतला होता. जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की कुठली माणसाची आणि कुठली जनावराची हे नव्या माणसाला कळत नाही. दगडावर रंगवलेले बाण असतात, पण दोन पावसाळ्यांत ते पुसतात. शिवाय हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली ते झालं. आत जाताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते, शुल्क भरावं लागतं, आणि कुठे मुक्काम करता येईल, कुठे चूल पेटवता येईल याचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्याआधी फोनवर विचारून घ्यायचं. आपल्या काटेपूर्णा अभयारण्यातही असंच, परवानगीशिवाय आत शिरायचं नसतं.

खिंडीची चढण आली तेव्हा कळलं की चढण्याचा वेग पायांवर अवलंबून नसतो, श्वासावर असतो. आमचा नियम असा होता की जी सगळ्यात हळू चालते ती सगळ्यात पुढे. नेहमी उलटं होतं. दमलेली मागे राहते, पुढच्या थांबून तिची वाट बघतात आणि ती पोचली की लगेच उठतात. म्हणजे विश्रांतीची गरज जिला, तिलाच विश्रांती नाही. आमच्या अठ्ठावन्नच्या ताई पुढे होत्या, त्यामुळे सगळ्यांचा श्वास पुरला. चालता चालता बोलता आलं पाहिजे, हे माप. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

उतरताना मात्र खरी परीक्षा. चढणं दमवतं, उतरणं मोडतं. सुटे बारीक दगड असलेल्या उताराला घसारा म्हणतात. त्यावर टाच आधी टेकवायची नाही, पाऊल आडवं करून पूर्ण टेकवायचं, गुडघा थोडा वाकलेला ठेवायचा, पावलं लहान टाकायची. काठी हवीच. उतरताना बोटं बुटाच्या पुढच्या भागाला धडकतात, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापायची आणि बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यायचे. नवे कोरे बूट घालून कधीच जायचं नाही, आधी महिनाभर घरात, बाजारात वापरायचे. मोजे दोन-तीन जोड. पायाला कुठे घासल्यासारखं, गरम वाटायला लागलं की तिथेच थांबून पट्टी लावायची. "गावात पोचल्यावर बघू" म्हटलं की फोड आलाच समजा.

कुमशेतला पोचलो तेव्हा ताईंचा उजवा गुडघा सुजला होता. रात्री एका घरात मुक्काम होता. जेवण झाल्यावर आम्ही सगळ्या गोल बसलो. ताई म्हणत होत्या, "मी येते गं, एवढ्यासाठी कशाला थांबता?" त्यांना वाटत होतं, आपल्यामुळे सगळ्यांचं बिनसेल. आयुष्यभर आपण बायका हेच करतो. दुखलेलं सांगत नाही, सांगितलं तर कमी करून सांगतो. पण डोंगरात लपवलेलं दुखणं सगळ्यांना महागात पडतं, कारण अर्ध्या वाटेत बसावं लागलं तर उचलून आणणारं तिथे कोणी नसतं आणि फोनला रेंज नसते. शेवटी ठरलं ते असं: कुमशेतहून पाचनईला गाडीरस्ता आहे. ताई आणि त्यांच्यासोबत एक जण गाडीनं जातील, बाकीच्या पाच जणी चालत. पाचनईला भेटून गुडघा बघायचा आणि गड चढायचा की नाही हे तिथे ठरवायचं. ताईंना हे पटायला तास लागला. सोबत कोण जाणार यावर मात्र भांडण झालं नाही. शाळेतल्या बाई लगेच म्हणाल्या, "मी जाते, मला तसंही सकाळी झोपायचंय."

त्या रात्री घरच्या बाईशी पाण्याचं बोलणं निघालं, आणि मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट हीच. या घाटमाथ्यावर पाऊस आपल्या वाशीम जिल्ह्याच्या कितीतरी पट पडतो. जुलैत तिथे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. आणि तरी एप्रिल-मे आला की तिथल्या बायका हंडा घेऊन खाली ओढ्याच्या डोहाकडे जातात. ती म्हणाली, पावसात पाणी नको नको होतं आणि उन्हाळ्यात थेंब राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दाखवलेल्या झऱ्यावर गेलो तेव्हा कारण डोळ्यांनी दिसलं. कातळाच्या घट्ट थरावर, लाल पट्ट्यातून बोटभर धार येत होती. वरचा भोकाळ थर जेमतेम दोन माणसं उंच. त्यात साठून साठून किती साठणार? उतार तीव्र, माती पातळ, पडलेलं पाणी बघता बघता ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात. पाऊस किती पडतो याच्याइतकंच, दगडात किती मुरतो यावर उन्हाळा ठरतो.

हेच आपल्याकडे लावून बघा. एकाच गावात एकीच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि शेजारच्या विहिरीला डिसेंबरात तळ, हे आपण सगळ्या बघतो आणि नशीब म्हणतो. पहिल्या विहिरीला मुरूम आणि मांजऱ्याचा जाड थर लागलेला असतो, दुसरीला वरूनच घट्ट काळा. आणि बोअर तीनशे फूट नेली तरी कोरडी का, तर घट्ट थरात भेग लागली तरच पाणी, नाही लागली तर खाली नुसता दगड. आपल्या मालेगावचा परिसर तर पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णेचं पाणी उत्तरेला पूर्णेत आणि तापीतून अरबी समुद्रात जातं, पैनगंगेचं पाणी वर्धा-गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागरात. माथ्यावरच्या गावाला वरून वाहून येणारं पाणी नसतं, जे आपल्या अंगावर पडेल तेवढंच. हरिश्चंद्रगडाचंही असंच आहे, एका बाजूचं पाणी कोकणात, दुसऱ्या बाजूचं मुळा नदीतून गोदावरीत. कुमशेतच्या त्या बाईला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, मग तुम्ही आमच्याच नात्यातल्या.

आता वाटेवरच्या पाण्याचं. माणशी तीन लिटर पाणी घेऊनच निघायचं, थंडीतसुद्धा. टाक्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्यायचं. किल्ल्यावर काही टाकी पिण्याची, काही नाहीत, ते वाटाड्याला विचारायचं. पिण्याच्या टाक्यात हात-पाय धुवायचे नाहीत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

खाण्याला आम्ही बाजारातलं काही घेतलं नव्हतं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या तीन दिवस छान राहिल्या. शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे, सातूचं पीठ. गावांत मुक्काम केला तिथे पिठलं-भाकरी, पैसे आधी ठरवून. मिठाचं लक्षात ठेवा. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी पीत राहिलं तर डोकं दुखतं, पायात गोळे येतात. चिमूटभर मीठ आणि गूळ टाकून पाणी प्यायचं.

एका गोष्टीबद्दल नेहमी कुजबुजून बोललं जातं, आम्ही इथे सरळ बोलतो. चार दिवसांत सातांपैकी दोघींची पाळी आली. काही अडलं नाही. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेवायचं आणि परत आणायचं, जंगलात पुरायचं नाही, जनावरं उकरतात. कापडी पॅड वापरणारीनं पुरेशा घड्या घ्याव्यात, कारण वाटेत वाळवायला मिळत नाही. शौचाला पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावलं लांब जायचं, वीतभर खड्डा करून मातीनं बुजवायचा. एकटीनं जायचं नाही, दुसरीनं हाकेच्या अंतरावर उभं राहायचं. लघवी दाबून ठेवण्यासाठी पाणी कमी पिणं ही आपली जुनी सवय, डोंगरात ती फार वाईट.

आणि जिवाला जपायच्या दोन गोष्टी. दगडांच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही, फुरसं तिथेच बसतं. साप चावलाच तर बांधाबांध नाही, कापणं नाही, मांत्रिक नाही. अवयव हलू न देता, शक्य तितकं कमी चालवून दवाखाना गाठायचा, 108 ला फोन लावायचा. दुसरं म्हणजे आग्या मोहोळ. कड्यांवर मोठमोठी पोळी असतात. धूर, अत्तर, उग्र वासाचं तेल, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. आम्ही चार दिवस डोक्याला वासाचं तेल लावलं नाही आणि कड्याखाली बोललो नाही. सात बायका अर्धा तास गप्प बसू शकतात, हे आमच्या घरी कुणी मानत नाही.

तिसऱ्या दिवशी पाचनईला ताईंचा गुडघा बराच उतरला होता. तिथून गडाची चढण दोन-अडीच तासांची, मोठा कातळ उजव्या हाताला ठेवून त्याच्या पोटातून वाट जाते. तिथल्या कड्याच्या वळचणीत शंभर माणसं बसतील अशी सावली आहे: वरचा घट्ट थर छतासारखा राहिला, खालचा मऊ थर झिजून आत गेला. ताईंनी गुडघ्याला पट्टा बांधला, पिशवी आम्ही वाटून घेतली आणि त्या चढल्या. त्यांना किती वेळ लागला हे आम्ही मोजलं नाही.

हरिश्चंद्रगड सुमारे 1,420 मीटर उंच. वरचं हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, शेजारची पुष्करणी, कोनाडे, गुहा, टाकी, सगळं त्याच काळ्या दगडात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात मोठी पिंड आहे, भोवती चार खांब होते, त्यातला एकच आता शाबूत आहे. चांगदेवांनी इथे तप केलं असं सांगतात. संध्याकाळी कोकणकड्यावर गेलो. हा कडा आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, आणि खाली शेकडो मीटर सरळ पोकळी. तिथे कडेपासून चार हात लांब, पोटावर झोपूनच बघायचं. दरीत धुकं आणि पाठीमागे सूर्य असेल तेव्हा धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. आम्हाला दिसलं नाही. खालून वारा मात्र असा वर येत होता की वर फेकलेलं पान परत हातात येत होतं. रात्र गावकऱ्यांनी लावलेल्या तंबूत काढली. गोधडी पुरली नाही, डिसेंबरात वर कडाका असतो, झोपायची जाड पिशवी भाड्यानं घ्यावी.

चौथ्या दिवशी टोलार खिंडीनं खिरेश्वरला उतरलो. त्या वाटेत कातळाचा टप्पा आहे, धरायला कठडे लावले आहेत. दोन्ही हात मोकळे ठेवून, कातळाकडे तोंड करून, शिडी उतरल्यासारखं उतरायचं. दव असलं तर थांबायचं, ऊन पडून दगड वाळला की निघायचं. घाई करणारा माणूस तिथेच पडतो. पावसाळ्यात ही वाट आमच्यासारख्यांनी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दगडावर शेवाळ, ओढ्यांना लोंढे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढाच काळ. मार्चनंतर पाणी आटायला लागतं.

तयारी आम्ही दिवाळीपासून केली. मेडशीच्या रस्त्यानं रविवारी दहा-बारा किलोमीटर, पाठीवर आधी तीन आणि मग सहा किलो तूरडाळ. रोज पंधरा मिनिटं जिना. एक दिवस नरनाळा किल्ला केला. तयारीपेक्षा परवानगीचं काम जड गेलं, तेही सांगायला हवं. घरी कुणी सरळ नाही म्हटलं नाही. फक्त "मुलांच्या डब्याचं काय", "लोक काय म्हणतील", "या वयात कशाला". जपानच्या जुन्को ताबेई 1975 मध्ये एव्हरेस्टवर पोचणारी पहिली बाई ठरल्या. त्यांनी 1969 साली बायकांचा गिर्यारोहण गट काढला. त्यांनाही मुलं सांभाळा असंच ऐकवलं गेलं. एव्हरेस्टला निघाल्या तेव्हा घरी तीन वर्षांची लेक होती. पैसे कमी म्हणून त्यांच्या गटानं जुन्या मोटारीच्या सीटच्या कापडातून हातमोज्यांची कव्हरं शिवली होती. हे आमच्या शिवणकामवाल्या मैत्रिणीला सांगितल्यावर तिनं सातही जणींच्या पिशव्यांना खताच्या पोत्यांची पावसाळी खोळ शिवून दिली. घरच्यांसाठी आम्ही चार दिवसांचा कागद केला: रोज कुठे, कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी रेंज नसेल, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. तो कागद फ्रिजवर लागल्यावर निम्मे प्रश्न बंद झाले. डब्यांचं काय झालं? झालं काहीतरी, सगळी मुलं जिवंत आहेत.

एकदम चार दिवस नको वाटत असतील त्यांनी आधी लोणारला जावं. एका दिवसात होतं. तिथे आकाशातून पडलेल्या अशनीनं याच काळ्या दगडात सुमारे 1.8 किलोमीटर रुंद खड्डा पाडला आहे, 2020 पासून ते रामसर पाणथळ आहे. काठावरच्या देवळापाशी जी धार बारमाही वाहते तिथे थांबा आणि मागचा कडा नीट बघा. पाणी कुठल्या थरातून येतं ते शोधा. आम्ही पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी सकाळची पहिली एसटी धरून जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी आदल्या शुक्रवारपर्यंत रेडिओ केंद्रावर नाव द्यावं. डबा, तीन लिटर पाणी आणि वापरलेले बूट घेऊन या.